वरच्या अंगणातले पाणी, खालची विहीर

मननासाठी शास्त्रभाग: यहेज्केल ३४:१७-१९, निर्गम २१:३३-३४, २ राजे २:१९-२२, अनुवाद २३:१२-१४



हे पत्रक तुमच्या हाती पडेल तेव्हा मृग नक्षत्र तोंडावर आलेले असेल. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात या दिवसांत सगळ्यांचे डोळे आभाळाकडे असतात. विहिरी तळाला गेलेल्या असतात. बायका पहाटे उठून ओहोळाच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटी-वाटीने हंडा भरतात. पाऊस कधी येतो असे सर्वांना होते. तुम्हीही आमच्यासाठी पावसाची प्रार्थना करता, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत.

पण या खेपेस मला त्या पावसाच्या दुसऱ्या बाजूविषयी लिहायचे आहे. आमच्या पाड्यांवर जुलाब, उलट्या आणि कावीळ या आजारांचा जोर भर उन्हाळ्यापेक्षा पाऊस सुरू झाल्यावर वाढतो. पाणी नसते तेव्हा माणूस तहानेने त्रासतो, आणि पाणी आले की त्याच पाण्याने आजारी पडतो. असे का होते, आणि त्यात आपला किती हात आहे, हे देवाच्या वचनाच्या उजेडात पाहू या. "आपला" हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. काही वर्षांपूर्वी तो दोष आमच्याच वसतिगृहाचा होता.

घडले ते असे

आमचे मुलांचे वसतिगृह टेकडीच्या माथ्याजवळ आहे. खाली उतारावर वारली आणि कोकणा कुटुंबांचा पाडा, आणि पाड्याच्या वरच्या अंगाला त्यांची विहीर. त्या वर्षी जूनच्या मध्यावर पाऊस लागला. जुलैच्या अखेरीस पाड्यातल्या एका घरात कावीळ निघाली, आणि आठवडाभरात पाच घरांत. आम्ही नेहमीप्रमाणे धावलो. आजाऱ्यांना जीपमधून दवाखान्यात नेले, घरोघरी प्रार्थना केली, पाणी उकळून प्या असे सांगितले. मनात कुठेतरी असेही होते की, या लोकांना स्वच्छता किती वेळा शिकवावी?

आजाऱ्यांमध्ये सात महिन्यांची एक गरोदर सून होती. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत बरी होते. पण गरोदर बाईच्या, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती जिवावर बेतू शकते. तिला आधी तालुक्याच्या आणि मग नाशिकच्या दवाखान्यात हलवावे लागले. ती वाचली. बाळ वाचले नाही.

ती परत आली तेव्हा मी भेटायला गेलो. तिची आजेसासू ओट्यावर बसली होती. मी पाणी उकळण्याविषयी पुन्हा बोलू लागलो. म्हातारीने ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, "पानी वरनं येतं, दादा. वरती तर तुमीच राहता."

मला राग आला. पण रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मुसळधार पाऊस होता. मी छत्री घेतली आणि वसतिगृहाच्या मागे गेलो. तिथे शौचालयाच्या टाकीचा एक पाइप उतारावर उघडा सुटला होता. तो बांधकामापासून तसाच होता. उन्हाळ्यात तो कोरडा असे, त्यामुळे कोणी लक्ष दिले नव्हते. पावसाचे पाणी टाकीत शिरल्यावर मात्र तो वाहत होता. मी स्वयंपाकघरामागून भाताच्या तुसाची एक टोपली आणली आणि त्या पाइपाच्या तोंडाशी ओतली. मग तुसाच्या मागे मागे चालत गेलो. ते गोठ्याजवळच्या शेणाच्या ढिगाला वळसा घालून, केरकचऱ्याच्या खड्ड्यावरून, पायवाटेने खाली गेले आणि विहिरीच्या तुटक्या कठड्यापाशी जाऊन थांबले. थोडे आत पाण्यावर तरंगत होते.

ती कावीळ याच पाइपातून आली, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तशी ती येऊ शकत होती हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत या काविळीला दोन ते दहा आठवडे, सरासरी पाच-सहा आठवडे लागतात. म्हणूनच जूनच्या पाण्याचा आणि जुलैअखेरच्या आजाराचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. लोक कालच्या जेवणाला दोष देतात, आणि आम्ही लोकांना.

पहिला धडा: उंचावर कोण उभे आहे?

त्या आठवड्यात मी यहेज्केलाचा चौतिसावा अध्याय पुन्हा वाचला. त्यातला मेंढपाळांचा भाग आपण पुष्कळदा ऐकतो. पण सतराव्या वचनापासून देव मेंढपाळांना सोडून खुद्द मेंढरांशी बोलतो. धष्टपुष्ट मेंढरे निवळ पाणी पितात आणि उरलेले पायांनी गढूळ करतात. मग दुबळ्या मेंढरांना तेच प्यावे लागते. देव विचारतो, हे काय थोडे झाले?

या मेंढरांनी कोणावर हल्ला केलेला नाही, काही चोरलेले नाही. ती आधी पोहोचली, पोटभर प्याली आणि मागचापुढचा विचार न करता पाण्यातून चालत गेली. देवाच्या दृष्टीने तेवढेच पुरेसे होते.

आम्ही वसतिगृहातले लोक स्वतःला मेंढपाळ समजत होतो. या शास्त्रभागात आम्ही धष्टपुष्ट मेंढरांच्या जागी होतो. आमच्याकडे बोअरवेल होती, वर टाकी होती, नळ होते. खालचे काय पितात हे आम्हाला रोज दिसत होते. आमचे काय वाहून जाते हे मात्र आम्ही पाहिले नव्हते. मत्तयाच्या दहाव्या अध्यायातला थंड पाण्याचा प्याला आपल्या सर्वांना प्रिय आहे. तो देण्याआधी आपण शेजाऱ्याचा झरा बिघडवत नाही ना, हे पाहणे आले.

दुसरा धडा: मुद्दाम केले नाही, हे उत्तर नव्हे

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात एक साधा नियम आहे. कोणी खड्डा खणून तो झाकला नाही आणि त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडून मेले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी. त्याने मुद्दाम केले का, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही. खड्डा त्याचा होता आणि तो उघडा राहिला, एवढे पुरे.

पावसाचे पाणी कोणाची परवानगी घेत नाही. आठ महिने जमिनीवर जे जे पडून राहते, ते पहिल्या एक-दोन जोरदार सरींत एकदम उचलले जाते: उघड्यावरची विष्ठा, शेण, मेलेली कोंबडी, शॅम्पू-साबणाच्या पुड्या, धान्याच्या किडीसाठी आणलेल्या औषधाचा रिकामा डबा, शेतावर फेकलेला युरिया. म्हणून पहिल्या पावसाचे पाणी सर्वांत घाण असते. आमचा भाग काळ्या कातळाचा आहे. वर मुरमाचा पातळ थर, खाली भेगा असलेला खडक. वर्षाकाठी पडणारा अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासचा किंवा त्याहूनही जास्त पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. मातीतून गाळून जायला पाण्याला वेळच मिळत नाही. ते उतारावरून धावते किंवा भेगांतून थेट विहिरीत उतरते.

मी पाळकसाहेबांबरोबर पाड्यावर गेलो आणि झाडाखालच्या बैठकीत पाइपाची गोष्ट सांगितली. माफी मागितली. कोणी आरडाओरडा केला नाही. त्या मुलीचा सासरा एवढेच म्हणाला, "आता बंद करा." तेव्हापासून, मदत करणाऱ्याने आधी स्वतःच्या घरामागे जाऊन पाहावे, असे मी नव्या कार्यकर्त्यांना सांगतो.

तिसरा धडा: उगमापाशी जा

यरीहोच्या लोकांनी अलीशाला सांगितले की, नगर चांगले आहे, पण पाणी वाईट आहे. अलीशाने घरोघरच्या घागरींत मीठ टाकले नाही. तो जिथून पाणी निघत होते तिथे गेला. पाणी निर्दोष केले ते देवाने. पण संदेष्टा चालत उगमापर्यंत गेला, हेही शास्त्रात नोंदलेले आहे.

आम्ही इतकी वर्षे घागरीपाशीच थांबलो होतो. पाणी उकळा, ब्लिचिंग पावडर टाका, एवढेच शिकवत होतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. पाणी गढूळ असले की पावडरीतला क्लोरीन मातीत आणि शेणकाल्यातच खर्च होतो, जंतू मारायला पुरत नाही. म्हणून आधी घाण पाणी विहिरीपासून वळवायचे आणि मग औषध टाकायचे, हा क्रम धरला. जे केले ते क्रमाने लिहितो, म्हणजे इतर केंद्रांनाही उपयोग होईल.

१. पाइप त्याच दिवशी बंद केला आणि टाकी उपसून घेतली. सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे पाणी निवळ दिसले तरी जंतूंनी भरलेले असते, हे आम्ही तेव्हा शिकलो. पुढे टेकडीच्या दुसऱ्या उतारावर दोन शोषखड्डे घेतले. त्या बाजूला खाली कोणाची विहीर किंवा झिरा नाही, हे आधी पाहून घेतले. शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावा असे सांगतात. भेगाळ कातळात त्याहून जास्त अंतर ठेवावे, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला तर कधीच घेऊ नये.

२. विहिरीच्या वरच्या बाजूला अर्धचंद्राकार चर खणला. डोंगरावरून येणारे पाणी त्यात अडते आणि विहिरीला वळसा घालून ओहोळाला मिळते. चराच्या काठाला वाळा लावला; त्याची मुळे माती धरून ठेवतात.

३. कठडा वाढवला आणि भोवती बाहेर उतार असलेला सिमेंटचा ओटा केला, म्हणजे सांडलेले पाणी पुन्हा आत जात नाही. कपडे धुण्याची आणि गुरांना पाणी पाजण्याची जागा खालच्या अंगाला नेली.

४. आमचे शेण आता बांध घातलेल्या खड्ड्यात जाते, त्यावर पावसाळ्यात छप्पर असते. केराचा खड्डा बुजवला. प्लास्टिक पोत्यांत भरून तालुक्याला पाठवतो.

५. यानंतर ब्लिचिंग पावडर. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजावा, त्याला त्यानेच गुणावे, मग पाण्याच्या खोलीने, आणि मग ७८५ ने. जे येईल तितके लिटर पाणी. हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर सुमारे २१ हजार लिटर, म्हणजे ५३ ग्रॅम. पावडर बादलीत कालवून खडे खाली बसू द्यावेत, वरची निवळी विहिरीत सोडून पाणी ढवळावे आणि निदान तासभर कोणी भरू नये. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे आहे. आम्ही त्याच्या जोडीला असतो, त्याच्या जागी नाही.

सिमेंटचे पैसे तुमच्या देणग्यांतून आले. खणणे मात्र पाड्याने आणि वसतिगृहातल्या मोठ्या मुलांनी मिळून केले. त्यात आमच्या मंडळीतले होते आणि नसलेलेही होते. पाणी कोणाचा धर्म विचारत नाही, मग कुदळीने का विचारावा?

चौथा धडा: दरवर्षी, स्वतःच्या हाताने

सगळे एका फटक्यात सुरळीत झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. पाणी तपासायला आम्ही छोट्या बाटल्या आणतो. त्यांत पाणी भरून ठेवले आणि ते एक-दोन दिवसांत काळे पडले, तर ते दूषित समजायचे. पुढच्याच वर्षी पहिल्या पावसानंतर बाटली काळी झाली. आम्ही हिरमुसलो. जाऊन पाहिले तर चर गाळाने आणि पालापाचोळ्याने भरला होता, आणि पाणी त्यावरून उडी मारून विहिरीकडे जात होते. आम्ही चर खणला होता, पण तो राखला नव्हता.

अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात मोशे इस्राएलाच्या छावणीला एक अगदी घरगुती आज्ञा देतो. छावणीबाहेर जागा असावी, प्रत्येकाने खणायचे हत्यार जवळ ठेवावे आणि आपली विष्ठा मातीने झाकावी. कारण परमेश्वर छावणीत फिरत असतो. ही आज्ञा याजकाला किंवा सफाई करणाऱ्या एखाद्या कुळाला दिलेली नाही. ती प्रत्येकाला आहे आणि रोजची आहे.

आता मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासना संपली की आम्ही कुदळ-फावडी घेऊन विहिरीवर जातो. चर उपसतो, ओट्याच्या भेगा भरतो, वरच्या उतारावरची घाण गोळा करतो. पहिला मोठा पाऊस लागला की मुले छत्र्या आणि इरली घेऊन तुसाची टोपली सोडतात आणि ते कुठे जाते ते पाहतात. मुलांना तो खेळ वाटतो. पण त्यातून त्यांना सगळा उतार पाठ झाला आहे. लहान बाळाची विष्ठा अंगणाबाहेर फेकायची नाही, पुरायची, हे आता मुलीच आयांना सांगतात. पावसाच्या सुरुवातीला एखादी बाटली अजूनही काळी होते. तशी झाली की त्या दिवसांत पाड्यावर आणि वसतिगृहात, दोन्हीकडे पाणी खळखळून उकळूनच पितात. पूर्वी हा नियम आम्ही फक्त त्यांना सांगत होतो.

आणि खाली तुम्ही

हे वाचणारे तुमच्यापैकी पुष्कळ जण मुंबईचे आहात. त्र्यंबकेश्वरजवळच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा आमच्या मोखाडा तालुक्यातून वाहते. तिच्यावरच्या अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडक सागर या जलाशयांतले पाणी शुद्ध होऊन मुंबईकरांच्या नळाला येते. म्हणजे आमचा पाडा आमच्या खाली आहे तसे तुम्हीही या डोंगरांच्या खाली आहात. जो आदिवासी शेतकरी आपल्या शेताच्या बांधावर माती अडवतो आणि ओहोळात औषधाचा पंप धूत नाही, तो ज्यांना कधी भेटणार नाही अशा तुमचाही शेजारी आहे.

आणि तुमच्याही खाली कोणी आहे. शहरातली पावसाळी गटारे सांडपाण्याच्या गटारांपेक्षा वेगळी असतात. रस्त्यावरचे, अंगणातले आणि गच्चीवरचे पाणी त्यांतून कोठेही शुद्ध न होता नाल्यात, खाडीत आणि समुद्रात जाते. जाळीवरून ढकललेला केर, धुतलेल्या गाडीचे तेल, उरलेला रंग आणि बांधकामाचा राडारोडा त्याच वाटेने जातो. नाल्याच्या काठावर झोपड्या असतात आणि त्याच्या तोंडाशी अनेक ठिकाणी कोळीवाडे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्या कित्येकांना पुढे लेप्टोने गाठले. उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात मिसळणारा हा आजार पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतो. एवढा पाऊस आपल्या हातात नसतो. जाळीपाशी पडलेली पिशवी मात्र असते.

म्हणून माझी विनंती आहे. देणगी पाठवताच, तशीच पाठवत राहा. पण या जूनमध्ये एक दिवस पाऊस पडत असताना छत्री घेऊन आपल्या मंदिराच्या आवारात एक फेरी मारा. पन्हळीचे पाणी कुठे जाते, कचऱ्याचा डबा कुठे आहे, जनरेटरचे तेल कुठे सांडते, हे पाहा. मग फाटकाबाहेर पडून ते पाणी पुढे कोणाच्या दाराशी पोहोचते तिथवर चालत जा.

ती सून पुढे पुन्हा आई झाली. मुलगी आहे, आणि आता आमच्याच बालवाडीत येते. तिची पणजी अजून ओट्यावर बसते. मी खाली उतरताना दिसलो की विचारते, "चर उपसला का, दादा?"

चर्चेसाठी प्रश्न (महिला मंडळ, तरुण संघ व घरगुती सभांसाठी)

१. यहेज्केल ३४:१७-१९ वाचा. आपल्या वस्तीत "वरच्या अंगाला" कोण आहे? आपण स्वतः कोणाच्या वर आहोत?

२. निर्गम २१:३३-३४ मधला उघडा खड्डा आजच्या भाषेत काय असू शकेल? आपल्या मंदिराच्या आवारातले एक उदाहरण शोधा.

३. एखाद्या गरजूला मदत करताना त्याच्या दुःखात आपलाही वाटा आहे असे लक्षात आले, तर काय करावे? माफी मागणे अवघड का जाते?

४. पहिल्या पावसाआधी आपली मंडळी मिळून कोणते एक काम करू शकेल? ते कोण करील आणि कोणत्या रविवारी, हे आजच ठरवा.

प्रार्थनेचे विषय

या पावसाळ्यात पाड्यांवरच्या गरोदर स्त्रिया आणि लहान मुले सुरक्षित राहावीत म्हणून. गावोगावच्या जलसुरक्षकांसाठी आणि आशाताईंसाठी. ज्या पाड्यांच्या विहिरींना अजून कठडाही नाही, त्यांच्यासाठी. आणि आमच्यासाठी, की आमची नजर नेहमी उताराच्या खाली असावी.

प्रभूच्या सेवेत,
तुमचा बंधू